उतरंड, माळ आणि रास

प्राथमिक शाळेत मराठीच्या तासाला समूहदर्शक शब्द पाठ करून घेतात. किल्ल्यांचा जुडगा, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड, फुलांची माळ, धान्याची रास. मुले ते घोकतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि वरच्या वर्गात जातात. पण हे शब्द नुसते 'पुष्कळ वस्तू' एवढेच सांगत नाहीत. उतरंड म्हटले की खालच्या मडक्याला हात घालण्याआधी वरची सगळी उतरवावी लागणार, हे त्या शब्दातच आले. माळेत प्रत्येक फुलाला आपली जागा असते. त्याच्या आधी कोण, नंतर कोण, हे ठरलेले असते. राशीतल्या दाण्याला अशी जागा नसते. तो राशीत आहे किंवा नाही, एवढेच विचारता येते. वसईच्या वाडीत केळीचे लोंगर उतरवतात, लोंगराच्या फण्या करतात, फणीतली केळी मोजतात. फणीला कोणी लोंगर म्हणत नाही, कारण वाहताना, पिकवताना, विकताना दोघांशी वागण्याची रीत वेगळी असते.

संगणकाच्या भाषांतही नेमकी हीच बाब असते. अनेक वस्तू एकत्र ठेवायच्या तर त्या कशात ठेवायच्या, हे आधी ठरवावे लागते. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पहिल्यांदा जगासमोर ठेवलेल्या पायथॉन भाषेत त्यासाठी चार मुख्य प्रकार आहेत : लिस्ट, टपल, सेट आणि डिक्शनरी. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात ही भाषा आहे, पदवीच्या अभ्यासक्रमांत आहे, आणि वसई-विरारमधून रोज लोकलने महाविद्यालयात जाणाऱ्या कित्येक मुलांच्या दप्तरात तिची वही आहे. त्या वहीत एक प्रश्न हमखास सापडतो : 'लिस्ट आणि टपल यांतील फरक लिहा.' उत्तराचा तक्ताही ठरलेला. एकाला चौकटी कंस, दुसऱ्याला साधे कंस. एक बदलता येते, दुसरे बदलता येत नाही. गुण मिळतात. नंतर तेच मूल स्वतःचा पहिला प्रोग्राम लिहायला बसते आणि सगळे काही लिस्टमध्येच कोंबते, कारण कोणती वस्तू कशात ठेवावी आणि का, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हते. कंस हे वेष्टन आहे. फरक वेष्टनाच्या आत आहे आणि तो समजावून सांगायला परक्या देशातली उदाहरणे लागत नाहीत.

विरार लोकल घ्या. चर्चगेटहून निघालेल्या धीम्या गाडीची स्थानके एका ओळीत लिहिली की लिस्ट झाली. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड असे करत नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. आज ही २९ स्थानके आहेत. क्रम बदलला तर ती यादी खोटी ठरेल, म्हणून क्रम हाच लिस्टचा प्राण. पायथॉन मोजणी शून्यापासून करते. म्हणजे चर्चगेट शून्यावर आणि विरार २८ व्या क्रमांकावर. लिस्ट बदलती असते, ती कशी तेही याच मार्गाने दाखवून दिले आहे. २०१८ साली एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. जागा तीच, तिथले नाव बदलले, बाकी कुणाला धक्का लागला नाही. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधे राम मंदिर हे नवे स्थानक सुरू झाले, आणि हा बदल वेगळ्या जातीचा होता. गोरेगावपासून विरारपर्यंत प्रत्येकाचा क्रमांक एकाने पुढे सरकला. ज्याने आपल्या प्रोग्राममध्ये 'विरार म्हणजे २७' असे गृहीत धरून ठेवले असेल, त्याचा प्रवासी त्या दिवसापासून नालासोपाऱ्याला उतरला असता. प्रोग्राम थांबला नसता, चूक दाखवली नसती. उत्तर मात्र चुकले असते. लिस्टच्या मधे काही घुसवले की पुढचे सगळे सरकतात, आणि यादी लांब असेल तर ते सरकवायला संगणकालाही वेळ लागतो. हे एकदा राम मंदिर स्थानकावरून समजले की विसरता येत नाही.

टपलबद्दल 'न बदलणारी लिस्ट' असे सांगतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वसईचा किल्ला नकाशावर शोधायचा तर दोन आकडे लागतात : अक्षांश सुमारे १९.३३ आणि रेखांश ७२.८१. या जोडीत पहिली जागा अक्षांशाची आणि दुसरी रेखांशाची. आकड्यांची अदलाबदल झाली तर आपण भुईकोटाच्या तटावरून थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडतो. लिस्टमध्ये एक स्थानक वाढले किंवा घटले तरी ती स्थानकांचीच यादी राहते. टपलमध्ये प्रत्येक जागेला वेगळा अर्थ असतो. तिसरा आकडा आला की ती जोडीच राहत नाही. दहावीच्या गणितात मुले हीच गोष्ट 'क्रमित जोडी' या नावाने शिकून आलेली असतात. महाविद्यालयात ते नाव एकदा उच्चारले तरी अर्धे काम होईल. कुलूप लावलेले आहे म्हणून टपल टपल होत नाही. तिच्यातली प्रत्येक जागा अर्थाला बांधलेली असते, म्हणून ते कुलूप शोभते.

सेटचे मराठी नाव तर मुलांना आणखी ओळखीचे आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'संच'. घटकांना क्रम नाही, एक घटक दोनदा लिहायचा नाही, वेन आकृत्या काढायच्या. पायथॉनचा सेट म्हणजे तोच संच. गंमत अशी की भाषेत तो उशिरा आला. अंगभूत प्रकार म्हणून त्याला २००४ साली स्थान मिळाले, तोपर्यंत लोक लिस्टवर आणि डिक्शनरीवर भागवत होते. जावास्क्रिप्टमध्ये तर तो २०१५ साली आला.

संचाला एकच प्रश्न विचारायचा असतो : अमुक आत आहे की बाहेर? हा प्रश्न वसईकराला वेगळा समजावून सांगायला नको. जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. त्यांतली २९ गावे बाहेर काढावीत की आत ठेवावीत यावर आंदोलने झाली, शासनाचे निर्णय निघाले, प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे राहिले. त्या साऱ्या काळात गावकऱ्यांचा प्रश्न एकच होता : आमचे गाव आत की बाहेर? यादीत गासचे नाव वाघोलीच्या आधी आहे की नंतर, याने कुणाचे काही बिघडत नव्हते. एखाद्या गावाचे नाव दोनदा लिहिले म्हणून ते दुप्पट आत गेले नसते. क्रम गैरलागू, पुनरुक्ती निरर्थक, सदस्यत्व हेच सर्वस्व. चार नगरपरिषदा आणि गावे मिळवणे हा संयोग. ५३ मधून २९ वजा करणे ही संचांची वजाबाकी, उरतात २४.

पण या वजाबाकीत एक खाच आहे आणि मराठीत काम करणाऱ्याने ती जपून ओलांडावी लागते. ५३ गावांच्या संचात 'भुईगाव' लिहिले आहे आणि वजा करायच्या संचात कुणी 'भुईगांव' लिहिले. माणसाला दोन्ही एकच गाव. संगणकाला ही दोन वेगळी नावे. वजाबाकी होईल, चुकीची सूचना येणार नाही आणि भुईगाव आतच राहील. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. तरी नायगांव, गांव, नांव ही जुनी रूपे पाट्यांवर आणि कागदपत्रांत आजही भेटतात. नालासोपारा कुठे एका शब्दात, कुठे 'नाला सोपारा' असा तोडून. रोमन लिपीत तर त्याचा एल कुठे एकदा, कुठे दोनदा. संच पुनरुक्ती काढून टाकतो असे आपण शिकवतो. तो काढतो ती अक्षरशः सारखी असलेली पुनरुक्ती. दोन नोंदी 'एकच' कधी म्हणायच्या, हे ठरवणे मात्र आपल्याकडे राहते.

याहून सूक्ष्म खोच खास मराठीची आहे. आपला रफार नसलेला आडवा र, 'कऱ्हाड' किंवा 'किनाऱ्यावर' या शब्दांतला, संगणकावर तीन रीतींनी उमटवता येतो. एक रीत : ऱ हे एकच अक्षरचिन्ह आणि त्यापुढे हलन्त. दुसरी : साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिसरी : साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी फरक कळत नाही. पण संचात हे तीन 'कऱ्हाड' तीन वेगळी गावे म्हणून बसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण करून घेतले की पहिल्या दोन रीती एक होतात. तिसरी तेवढ्यानेही होत नाही, तिच्यासाठी ते अदृश्य चिन्ह वेगळे शोधून बदलावे लागते. आपल्याकडे मतदारयाद्या, शिधापत्रिका, सातबारा, शाळांच्या पटाच्या याद्या हे सारे देवनागरीत आहे. इंग्रजी पुस्तकातून संच शिकणाऱ्या आणि फक्त रोमन अक्षरांवर सराव करणाऱ्या मुलाला ही अडचण कोणी दाखवत नाही. ती पहिल्या महिन्यात दाखवायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या भाषेत या मुलांना उद्या काम करायचे आहे, त्या भाषेची अक्षरे वर्गात यायला हवीत.

आता वेगाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजार ३९० भरली. एवढ्या नावांची लिस्ट केली आणि 'हे नाव आहे का' असे विचारले, तर पायथॉन पहिल्या नावापासून एकेक ताडून पाहते. नशीब चांगले असले तर लवकर सापडेल. सरासरीने अर्धी यादी, म्हणजे सुमारे सहा लाख नावे, चाळावी लागतील. अशी हजार नावे शोधायची तर ६० कोटींच्या आसपास तुलना. तीच नावे संचात असली तर प्रत्येक नावासाठी बहुधा एखाददुसरी तुलना पुरते, मग नावे बारा हजार असोत की बारा लाख.

हे कसे होते? टपाल कार्यालयातले खणांचे लाकडी कपाट डोळ्यांसमोर आणा. पत्रांची वर्गवारी करणारा माणूस आलेले पत्र आधीच्या सगळ्या पत्रांशी ताडून बघत नाही. पाकिटावरच लिहिलेला पिनकोड वाचतो आणि पत्र त्या खणात टाकतो. वसई गावाचा ४०१२०१. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली ती टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे. संचातही असेच आहे. वस्तूच्याच अंगावरून एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्या आकड्यावरून खण ठरतो. शोधतानाही आधी खण काढायचा आणि फक्त तिथेच पाहायचे. दोन वस्तू एकाच खणात आल्या, तर तेवढ्यापुरता पूर्ण पत्ता वाचायचा. खणांची मांडणी ही अशी असल्यामुळे संचात वस्तू कोणत्या क्रमाने बाहेर येतील याची हमी नसते.

आणि यातूनच आणखी एक नियम आपोआप उलगडतो, जो वहीत नुसता पाठ करायला दिलेला असतो : लिस्ट संचात ठेवता येत नाही. समजा, पत्र खणात टाकल्यावर कुणी पाकिटावरचा पिनकोड खोडून दुसरा लिहिला. पत्र जुन्या खणात पडून आहे, आपण नव्या खणात शोधतो आहोत. ते कधीच सापडणार नाही. ज्याच्या अंगावरचा मजकूर बदलू शकतो, त्याला पायथॉन खणात घेतच नाही. टपल बदलत नाही, म्हणून तिला प्रवेश आहे, अर्थात तिच्या आत एखादी लिस्ट दडवलेली नसेल तर. 'बदलता येते' आणि 'बदलता येत नाही' या तक्त्यातल्या कोरड्या ओळीचे कारण इथे आहे.

डिक्शनरीही याच खणांवर उभी आहे. फक्त प्रत्येक नावासोबत तिथे काहीतरी ठेवलेले असते. नाव द्या, माहिती घ्या. या नावालाच किल्ली म्हणतात. इथे घात होतो तो किल्ली निवडताना. विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीसारख्या वसाहतीतल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेची देखभाल शुल्काची नोंद करायची आहे असे धरा. विद्यार्थी सदनिकेचा क्रमांक ही किल्ली करतो : १०१ चे इतके, १०२ चे इतके. पण संस्थेला दोन विंग आहेत आणि १०१ दोन्हीकडे आहे. डिक्शनरीत एका किल्लीला एकच नोंद. बी विंगची १०१ लिहिली की ए विंगची १०१ मुकाट पुसली जाते. कुणी हाक मारून सांगत नाही. महिनाअखेरीस एका घराचे पैसे भरलेले असून थकबाकी दिसते आणि दोष बिचाऱ्या संगणकावर जातो. उपाय साधा आहे. किल्ली म्हणून विंग आणि क्रमांक यांची जोडी घ्यायची, म्हणजे टपल. नकाशावरच्या अक्षांश-रेखांशासारखीच ही क्रमित जोडी, आणि ती बदलत नसल्यामुळे डिक्शनरी तिला आनंदाने स्वीकारते. लिस्ट आणि टपल यांतला फरक लिहायला सांगण्यापेक्षा ही एक संस्था सोडवायला दिली, तर चारही प्रकार एकदम शिकवून होतील.

जुन्या नोट्सबद्दल एक सूचना शिक्षकांना करावीशी वाटते. 'डिक्शनरीला क्रम नसतो' हे वाक्य अजून फळ्यावर लिहिले जाते. २०१८ च्या ३.७ या आवृत्तीपासून डिक्शनरी नोंदी ज्या क्रमाने घातल्या तो क्रम राखते, आणि ही आता भाषेचीच हमी आहे. सेटला ती हमी नाही. तरीही दोन डिक्शनऱ्या सारख्या आहेत का, हे पाहताना क्रम मोजला जात नाही. दोन लिस्टच्या बाबतीत मात्र तो मोजला जातो. झेरॉक्सच्या दुकानातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नोट्स एकदा तपासून घ्यायला हव्यात.

एक गोष्ट मात्र प्रकारांच्या पलीकडची आहे आणि नवख्यांना सर्वांत जास्त रडवते ती हीच. एका लिस्टला दुसरे नाव दिले तर दुसरी लिस्ट तयार होत नाही. वसईच्या किल्ल्याचेच पाहा. पोर्तुगीजांनी १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून हे ठाणे मिळवले, ते त्याला बासाईं म्हणत. इंग्रज बसीन म्हणत. आपण वसई म्हणतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली तेव्हा लिस्बनच्या कागदांत बासाईं गेले, कारण किल्ला एकच होता. पायथॉनमध्ये एक लिस्ट दोन नावांनी ओळखली जात असेल आणि एका नावाने तिच्यातले काही काढून टाकले, तर दुसऱ्या नावाखालीही ते गेलेले असते. खरोखर दुसरा किल्ला हवा असेल तर तो वेगळा बांधावा लागतो, म्हणजे लिस्टची प्रत मुद्दाम काढावी लागते.

आता पहिल्या मडक्यांकडे. उतरंडीसाठी पायथॉनने वेगळा प्रकार दिलेला नाही. लिस्टच्या शेवटी वस्तू ठेवत जायची आणि शेवटूनच काढायची. ते काम ती झटपट करते. वसई रोडच्या तिकीट खिडकीपुढची रांग तिला तशी पेलत नाही, कारण पुढचा माणूस निघाला की मागच्या सगळ्यांना एकेक पाऊल सरकवावे लागते; रांगेसाठी डेक नावाची वेगळी सोय आहे. इंग्रजी पुस्तके उतरंडीला स्टॅक म्हणतात आणि तो शब्द समजावून सांगायला ताटल्यांचे चित्र काढतात. वसईच्या वर्गात शिक्षकांनी फळ्यावर चार मडकी एकावर एक काढावीत आणि मुलांना विचारावे, तळातले हवे असेल तर आधी काय कराल?